विदूषकाचें गाणें

हंसविणारा मनुष्य गंभीर झाला म्हणजे समाजाची मोठी पंचाईत होते. शास्त्रीबोवांनीं भर सभेंत कोटी केली तर लोक त्यांस रसिक म्हणतात. न्यायाधीशानें न्यायासनावरून विनोद केला तर तो दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत छापून येतो. परंतु ज्याचा व्यवसायच हंसविण्याचा, त्यानें एखादें वाक्य मनापासून उच्चारलें, कीं ऐकणारे एकमेकांच्या तोंडांकडे पाहूं लागतात आणि विनोद नेमका कोठें लपला आहे तें शोधूं लागतात. गंभीर माणसास विनोदाची मुभा आहे, विनोदी माणसास गांभीर्याची नाहीं. ही विषमता न्याय्य आहे काय? हा प्रश्न वरवर पाहतां करमणुकीच्या प्रांतांतला दिसतो. परंतु आमच्या मतें तो नीतीच्या प्रांतांतला आहे, कारण एका माणसानें दुसऱ्यास किती मोकळीक द्यावी हा नीतीचाच विषय होय. शिवाय तो आमच्यापुढें एखाद्या ग्रंथामुळें नव्हे, तर एका चुकीमुळें उभा राहिला. ती चूक आमची स्वतःची असल्यामुळें ती प्रथम सांगून मग विचारास लागणें बरें.

भाईंदर स्टेशनापासून पश्चिमेस उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई, मुर्धा व मोरवा हीं गांवें जवळजवळ आहेत. त्यांपैकीं मोरव्यांत आमचें वास्तव्य आहे, आणि तेथून रोज लोकलगाडीनें मुंबईस जाऊन कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकविणें हा आमचा व्यवसाय आहे. २००२ सालीं येथें महानगरपालिका आली, स्टेशनाजवळ उंच इमारती उभ्या राहिल्या. तरी ज्यांचें आयुष्य मिठागरांवर गेलें अशीं वृद्ध माणसें आमच्या भोंवतालीं अजून आहेत. भरतीचें पाणी आगरांत घ्यावें, एका वाफ्यांतून दुसऱ्यांत खेळवीत तें उन्हानें आटवावें, आणि तळाशीं धरलेलें मीठ ओढून त्याचे ढीग घालावे, असें हें काम. तें करणाऱ्याचे पाय खाऱ्या पाण्यानें फुटतात, आणि अरुंद बांधांवरून वर्षानुवर्षें वावरल्यामुळें त्याच्या चालीस एक निराळें वळण लागतें. घरांतल्या फरशीवरही तो दोहों बाजूंस पाणी असल्यासारखा चालतो.

अशाच एका वृद्धाचा मुलगा गांवांत नकलाकार म्हणून प्रसिद्ध आहे. दिवसा तो नोकरी करतो. रात्रीं मुंबईंतील लहान सभागृहांत एकट्यानें माइकपुढें उभें राहून तासभर लोकांस हंसवितो. ‘स्टँड-अप’ ह्या नांवानें हा प्रकार आतां सर्वांस परिचित आहे. गणपतीच्या दिवसांत मात्र तो आपली कला गांवासाठीं राखून ठेवतो. दोन वर्षांपूर्वीं त्यानें आपल्या बापाच्याच चालीची नक्कल केली. ती इतकी हुबेहूब होती, कीं मांडवांत बसलेल्या लोकांची हंसतां हंसतां मुरकुंडी वळली. बाप स्वतः तेथेंच बसला होता, आणि तोही हंसला.

गेल्या भाद्रपदांत हाच तरुण तीन मित्रांस बरोबर घेऊन मंचावर आला. एकाजवळ गिटार, दुसऱ्याजवळ ढोलकी, तिसऱ्यापुढें कीबोर्ड. त्यानें सांगितलें कीं, सहा गाणीं स्वतः लिहून, स्वतः चाली लावून त्यांचा एक आल्बम त्यानें तयार केला आहे, आणि त्यांतलें पहिलें गाणें तो प्रथम गांवापुढें म्हणणार आहे. “आज विनोद नाहीं,” असें तो म्हणाला, आणि लोक खदखदून हंसले, कारण हाच आजचा पहिला विनोद असें त्यांस वाटलें. गाणें सुरू झालें. तें बापाच्या फुटलेल्या पायांविषयीं होतें. पाय हा शब्द ऐकतांच आम्हांस दोन वर्षांपूर्वींची नक्कल आठवली आणि आम्ही मोठ्यानें हंसलों. आम्ही पहिल्या रांगेंत होतों. गांवांत आम्हांस चार बुकें वाचलेला मनुष्य समजतात. प्रोफेसर हंसतात त्या अर्थीं येथें हंसावयाचेंच आहे, असें समजून मागच्या रांगाही हंसल्या. तिसऱ्या कडव्यापर्यंत हंसणें थांबलें. पण ऐकणें सुरू झालें नाहीं. लोक नुसते वाट पाहत राहिले. गाणें संपल्यावर कोणीतरी ओरडला, “आतां नक्कल होऊं दे!” त्यानें ती केली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो आम्हांस स्टेशनावर भेटला. रागावलेला नव्हता. एवढेंच म्हणाला, “सर, बाकीचे हंसले त्याचें कांहीं नाहीं. तुम्हीही हंसलांत.” गाडी आली आणि उत्तर देण्याचें टळलें. हा लेख म्हणजे तें उशीरा दिलेलें उत्तर आहे.

प्रथम लोकांची बाजू मांडूं, कारण ती बाजू दुबळी नाहीं. हंसविणारा आणि हंसणारा ह्यांच्यांत एक अलिखित करार असतो. दिवसभर कष्टलेला मनुष्य आपला वेळ, क्वचित् आपला पैसाही, हास्याच्या आशेनें खर्च करतो. मिठाईच्या दुकानीं गेलेल्या गिऱ्हाइकास दुकानदारानें काढा पाजला, तर काढा कितीही गुणकारी असला तरी गिऱ्हाईक तक्रार करणारच. शिवाय संवय ही बलवत्तर वस्तु आहे. ज्या तोंडाकडे पाहून शंभर वेळां हंसूं आलें, त्याच तोंडाकडे एकशें एकाव्या वेळीं पाहून हंसूं आलें तर त्यांत पाप तें कोणतें?

ह्या युक्तिवादाचें सामर्थ्य मोठमोठ्यांनीं अनुभवलें आहे. चार्ली चॅप्लिन ह्यानें १९२३ सालीं ‘अ वुमन ऑफ पॅरिस’ नांवाचा गंभीर चित्रपट काढला. ह्यांत आपण नायक नाहीं हें त्यानें प्रेक्षकांस आरंभींच कळविलें होतें. एका हमालाच्या क्षणिक भूमिकेपलीकडे तो पडद्यावर येतच नाहीं. टीकाकारांनीं चित्रपट वाखाणला. लोकांनीं मात्र पाठ फिरविली. त्यांस चॅप्लिन हवा होता, म्हणजे ती टोपी, ती काठी आणि ती चाल हवी होती. त्या तिहींच्या मागें असलेल्या मनुष्यास आणखी कांहीं सांगावयाचें आहे, ह्याच्याशीं त्यांस कर्तव्य नव्हतें.

येथेंच लोकांच्या युक्तिवादांतलें वैगुण्य दिसूं लागतें. करार हा कामापुरता असतो, माणसापुरता नसतो. दुकानदारानें आज दुकान बंद ठेवून घरीं काढा उकळला, तर त्यावर गिऱ्हाइकाचा हक्क कोणता? आमच्या तरुणानें विनोदाचें आमंत्रण देऊन गाणें ऐकविलें नव्हतें. आज विनोद नाहीं, असें त्यानें स्पष्ट सांगितलें होतें. तरीही आम्हीं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाहीं. जर्मन तत्त्ववेत्ता कांट ह्याचें म्हणणें असें, कीं कोणाही मनुष्यास केवळ साधन म्हणून वागवूं नये. तें वाचतांना आम्हांस नेहमीं गुलामगिरी, वेठबिगार असे मोठे अन्याय आठवत. पण ज्यानें आपणांस पुष्कळ आनंद दिला, त्यास त्या आनंदाचें यंत्र समजूं लागणें, हाही त्याच जातीचा एक लहान अन्याय आहे. आणि तो प्रेमाच्या वेषांत येत असल्यामुळें चटकन् ओळखूं येत नाहीं.

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ ह्यानें १९०० सालीं हास्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचें एक प्रतिपादन असें, कीं सजीव वस्तु यंत्रासारखी वागूं लागली म्हणजे आपण हंसतों. आणि दुसरें असें, कीं हंसण्यासाठीं अंतःकरणास क्षणभर बधिरता यावी लागते. हें दुसरें प्रतिपादन आमच्या नकलेस तंतोतंत लागू पडतें. बापाचे पाय दुखत असतील, ही जाणीव जागी असती तर त्याच्या चालीवर कोणास हंसतां आलें नसतें. परंतु पहिलें प्रतिपादन अधिक बोंचणारें आहे. त्या रात्रीं मंचावरचा मनुष्य सजीवपणें नवें कांहीं करूं पाहत होता. कळ दाबतांच आवाज काढणारें यंत्र समोरच्या खुर्चीवर बसलें होतें.

आतां कोणी सहृदय वाचक म्हणेल, “हें सर्व जुनेंच आहे. विदूषकाच्या मुखवट्यामागें अश्रू असतात, हें कोणास ठाऊक नाहीं?” हें वचन आम्हीही व्याख्यानांतून पुष्कळदां वापरलें आहे, आणि आतां त्याची आम्हांस भीति वाटूं लागली आहे. कारण तें वरून कनवाळू दिसलें तरी आंतून तितकेंच कठोर आहे. लोक म्हणतात, तूं केवळ हंसविणारा आहेस; हें वचन म्हणतें, तूं केवळ रडणारा आहेस, तुझें हंसविणें हा बहाणा. दोहोंतही मनुष्य एकाच खोलींत कोंडला जातो. फक्त खोली बदलते. आमच्या तरुणाचें गाणें ही कोंडलेल्या दुःखाची उकळी नव्हती. तें आठ-दहा महिने बसून, शब्द खोडून, पुन्हा लिहून, तीन मित्रांशीं ताल जुळवून केलेलें काम होतें. त्यास अश्रू म्हणणें हा त्या कामाचा अपमान आहे.

भरतमुनींनीं ह्याहून शहाणपणाची गोष्ट सांगून ठेवली आहे. नाट्यशास्त्रांत हास्याची उत्पत्ति शृंगारापासून मानली आहे. शृंगाराची अनुकृति तो हास्य. ह्याचा अर्थ आम्हांस असा दिसतो, कीं हास्य हें भावनेचें वैरी नसून तिचें धाकटें भावंड आहे. मूळ भाव ज्यानें जवळून पाहिला नाहीं, त्यास त्याचें अनुकरण साधावयाचें नाहीं. आमच्या संस्कृत नाटककारांसही हें ठाऊक होतें. ‘मृच्छकटिकां’तला मैत्रेय हा विदूषक खरा, पण चारुदत्ताचें वैभव गेल्यावर इतर मित्र पांगतात तेव्हां त्याच्यापाशीं राहतो तो हाच. विदूषकाच्या पात्रास निष्ठा देतां येते असें शूद्रकास वाटलें. विदूषकाचें काम करणाऱ्या जिवंत माणसास ती देण्यास आम्ही मात्र कचरतों.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर ज्यांनीं हंसविलें, त्यांनींच मनापासूनही गायिलें, अशीं उदाहरणें थोडीं नाहींत. परंतु त्यांतील बहुतेकांच्या वांट्यास कोणता ना कोणता आडोसा आलेला दिसतो. राम गणेश गडकरी ह्यांनीं तर तीन नांवें घेतलीं. नाटकें गडकऱ्यांचीं, कविता गोविंदाग्रजांच्या, विनोदी लेख बाळकरामांचे. १९१९ सालीं अवघ्या तेहेतिसाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. पण तेवढ्या अल्पायुष्यांतही त्यांनीं आपल्या घरास तीन दरवाजे केले होते. बाळकरामाकडे हंसावयास आलेला वाचक गोविंदाग्रजाच्या विरहगीतांत भलत्याच अपेक्षेनें शिरूं नये, अशी जणूं ती व्यवस्था होती. आणि तरीही ‘एकच प्याला’ ह्या नाटकांत तळीरामाचा विनोद आणि सुधाकराचा विनाश एकाच छपराखालीं नांदतात, तेव्हां हे दरवाजे आंतून एकाच दालनांत उघडत होते हें उघड होतें.

आचार्य अत्रे ह्यांचें उदाहरण तर अधिकच बोलकें आहे. १९२५ सालच्या ‘झेंडूच्या फुलां’त त्यांनीं केशवकुमार ह्या नांवानें समकालीन कवींच्या हळवेपणाची अशी कांहीं टर उडविली, कीं पुढें कित्येक वर्षें मराठी कवीस गहिंवरून येण्याची चोरी झाली. त्याच अत्र्यांनीं १९५३ सालीं साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा चित्रपट केला, त्यास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें, आणि द्रौपदीनें कृष्णाच्या बोटास बांधावयास भरजरी वस्त्र फाडलें, त्या कथेवरचें त्यांतील गीतही अत्र्यांनींच रचलें. गहिंवराची थट्टा करणाऱ्यानेंच महाराष्ट्रास रडविलें. आम्हांस ह्यांत विसंगति दिसत नाहीं. खोटा गहिंवर कसा असतो हें ज्यानें इतकें बारकाईनें पाहिलें, त्यासच खऱ्याची पारख राहणार. पण त्यांसही साने गुरुजींच्या पुस्तकाचा, म्हणजे सर्वमान्य पावित्र्याचा, आधार होता हें विसरून चालणार नाहीं.

पु. ल. देशपांडे ह्यांचें नांव घेतल्याबरोबर मराठी माणसाच्या ओठांवर हंसूं येतें, आणि तें योग्यच आहे. पण हाच मनुष्य पेटीवर बसला म्हणजे एक वेगळाच गृहस्थ होई. १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपती’ ह्या चित्रपटाची कथा, संवाद, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाची भूमिका हीं सर्व त्यांचीं. चित्रपट विनोदी, नायक भाबडा. आणि त्यांतच भीमसेन जोशी ह्यांच्या कंठांतून इंद्रायणीकांठच्या समाधीचें तें भक्तिगीत येतें. त्याचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पुलंची. माणिक वर्मा, जितेंद्र अभिषेकी ह्यांच्या गळ्यांतूनही त्यांच्या चाली अशाच मराठी घरांत शिरल्या. त्या ऐकतांना आजवर कोणास चुकूनही हंसूं आल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. ह्याचें एक कारण त्या चालींचें सौंदर्य. पण दुसरेंही एक आहे. गाणाऱ्याचा चेहरा पुलंचा नव्हता. त्यांनीं हें भीतीपोटीं केलें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. थोर गळा आपल्या चालीस लाभावा असें कोणा संगीतकारास वाटणार नाहीं? आम्ही श्रोत्यांविषयीं बोलत आहों. आम्हांस भक्तीचें गाणें त्यांच्याकडून घेणें सोपें गेलें, कारण तें देणारा हात दिसत नव्हता.

आडोशाबाहेर येण्याच्या अधिक जवळ गेला तो किशोरकुमार. खांडव्यास जन्मलेला, मुंबईंत नांवारूपास आलेला हा नट १९५८ च्या ‘चलती का नाम गाडी’नें आणि १९६२ च्या ‘हाफ टिकट’नें सबंध देशास वेडा हंसवीत होता. १९६४ सालीं त्यानें ‘दूर गगन की छांव में’ हा चित्रपट काढला. युद्धावरून परतलेला सैनिक आणि त्याचा मुका मुलगा, एवढाच त्याचा विषय. दिग्दर्शन त्याचें, संगीत त्याचें, आणि त्यांतील एका गाण्याचे तर शब्द, चाल आणि कंठ तिन्ही त्याचींच. पण त्या वेळीं त्याच्या अंगावरही सैनिकाचा वेष होता. हें माझें नव्हे, त्या सैनिकाचें दुःख आहे, असें म्हणण्याची सोय शिल्लक होती.

आतां आमच्या गांवच्या तरुणाकडे पाहा. त्यास दुसरें नांव नाहीं, दुसऱ्याचा गळा नाहीं, सर्वमान्य पुस्तक नाहीं, सैनिकाचा वेष नाहीं. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाज त्याचा, आणि बापही त्याचा. जगांत अलीकडे हा प्रकार बराच रूढ होत आहे. पियानोवर बसून चावट विनोदी गाणीं म्हणणारा ऑस्ट्रेलियाचा टिम मिंचिन ह्यानें २०२० सालीं ‘अपार्ट टुगेदर’ नांवाचा मनापासूनच्या गाण्यांचा आल्बम प्रसिद्ध केला, तो असाच उघड्या तोंडानें. ह्या लोकांनीं आडोसा टाकला हें त्यांचें साहस आहे, आणि तें कोणत्या जातीचें आहे हें नीट समजून घेतलें पाहिजे.

विनोदाची परीक्षा जागच्या जागीं होते. वाक्य उच्चारलें, लोक हंसले. किंवा नाहीं हंसले. नकलाकारास आपण उत्तीर्ण झालों कीं नापास, हें कळावयास निमिषही लागत नाहीं. मनापासूनच्या गाण्यास अशी परीक्षा नाहीं. तें ऐकून लोक स्तब्ध राहिले, तर ती स्तब्धता भारावल्याची कीं कंटाळ्याची, हें गाणाऱ्यास कळत नाहीं. ज्याला वर्षानुवर्षें तत्काळ उत्तराची संवय आहे, त्यानें अशा निरुत्तर अंधारांत आपला आवाज सोडावा, ह्यास धैर्य लागतें. एक कला पूर्ण हस्तगत असतांना दुसऱ्या कलेंत पुन्हा उमेदवारी पतकरावयाची, हें पन्नाशी उलटलेल्या आम्हांस तर केवळ कल्पनेनेंही धडकी भरविणारें वाटतें.

परंतु एवढ्यावरून गंभीर गाणें म्हणजे आपोआप खरें गाणें, असें मात्र नाहीं. विनोद सोडला कीं सत्य हातीं लागतें, ही समजूत विनोदी कलावंतासच अधिक मोह घालते. हंसविणाऱ्यास समाज प्रेम देतो, पण मान देतांना हात आंखडतो. तो मान मिळवावयासाठीं कोणी गंभीर झाला, तर त्याचें गांभीर्य हीही एक नक्कलच ठरेल, आणि तीही फसलेली. म्हणून श्रोत्यानें काय करावें? दयेनें टाळ्या वाजवाव्या काय? नव्हे. विद्यार्थ्याच्या कच्च्या निबंधास केवळ तो गरीब आहे म्हणून पूर्ण गुण देणारा शिक्षक त्या विद्यार्थ्याचा अवमानच करतो. गाणें कच्चें असेल तर कच्चें म्हणावें. आमच्या मतें श्रोत्याचें ऋण एवढेंच, कीं समोरचा मनुष्य ‘आज मी हें सांगत आहें’ असें म्हणतो, तेव्हां तें वाक्य खरें धरून शेवटपर्यंत ऐकावें, आणि न्याय द्यावयाचा तो नंतर द्यावा. न्यायालयांत चोरासही जी वागणूक मिळते, ती विदूषकास नाकारूं नये.

असा हा विचार आम्हीं मनांत पुरा केला होता, आणि तो सांगून त्या तरुणाची क्षमा मागावी, म्हणून आम्ही एका रविवारीं त्याच्या घरीं गेलों. आपली चूक कबूल केली. तो संकोचून हंसला आणि म्हणाला, “सर, चूक माझीही आहे. नक्कल मींच केली होती ना? लोकांना ते पाय पाहून हंसायला मींच शिकवलं.” हें उत्तर आम्हीं आमच्या विचारांत धरलेंच नव्हतें. ज्याची टर उडविली तेंच पुढें जवळचें म्हणून दाखविणाऱ्यास, पूर्वींच्या हास्याचा हिशोब चुकवावा लागतो. आणि तो हिशोब स्वतःच्या तोंडानें मांडण्याइतका हा मुलगा प्रामाणिक होता.

मग आम्हीं विचारलें, “बाबा काय म्हणाले?” तो जरा वेळ गप्प राहिला. “बाबा म्हणाले, चाल गेल्या खेपेची चांगली होती.”

चाल ह्या एका शब्दानें मराठींत पायांचीही सोय केली आहे आणि गाण्याचीही. म्हाताऱ्याच्या मनांत कोणती चाल होती, हें मुलास कळलें नाहीं. विचारण्याचें धाडस त्यास झालें नाहीं, आम्हांसही झालें नाहीं. कदाचित् गाण्याची चाल त्यास खरोखरच आवडली नसेल. पण कदाचित् त्याचें म्हणणें असें असेल, कीं आपल्या मुलानें आपल्याकडे इतकें निरखून पाहिलें आहे, हें त्यास नकलेंतच अधिक स्पष्ट दिसलें. कोणता पाय आधीं पडतो, कोणता खांदा झुकतो, बांध संपतांना हात कसा उचलतो, हें ज्यानें वर्षानुवर्षें मनांत सांठविलें, त्यानें बापावर प्रेम केल्याचें सांगावयास निराळें गाणें हवेंच होतें असें नाहीं. बर्गसाँच्या मतें हंसणाऱ्याच्या अंतःकरणास बधिरता लागते. असेल. पण हंसविणाऱ्याचें अंतःकरण बधिर असून भागत नाहीं, हें आम्हांस त्या दिवशीं उमगलें.

आणि तसें असेल, तर आमची चूक दुहेरी होती. आम्ही गाण्यास हंसलों, ही एक. नकलेच्या वेळीं आम्ही केवळ हंसलों, ही दुसरी. आम्हांस दोन माणसें दिसलीं, एक नकलाकार आणि एक गायक. आणि पहिला दुसऱ्याच्या आड येतो म्हणून आम्ही तक्रार केली. वस्तुतः मनुष्य एकच होता, आणि दोन्ही वेळां तो एकच गोष्ट सांगत होता.

आमच्या पूर्वजांस हें अधिक चांगलें समजत होतें. पैठणचे नाथमहाराज सोळाव्या शतकांत भारुडें रचीत होते. त्यांत विंचू चावलेला मनुष्य आहे, भुतानें झपाटलेला आहे, जोशी आहे, गोंधळी आहे. गांवोगांव लोक तीं सोंगें पाहून हंसत आले. त्याच नाथांचे अभंग लोक डोळे मिटून म्हणत आले. आणि दोहोंच्याही शेवटीं नाममुद्रा एकच, एका जनार्दनीं. भारुडास एक नांव आणि अभंगास दुसरें, अशी तजवीज करण्याची गरज नाथांस भासली नाहीं, कारण ऐकणाऱ्यांस ती भासली नाहीं. हंसून झाल्यावर हात जोडणारा तोच समाज होता. मुद्रा एक ठेवण्याचें धैर्य कवीचें खरें. पण ती एक म्हणून ओळखण्याचें शहाणपण श्रोत्यांचें असावें लागतें.

माघी गणपतीस त्याला पुन्हा बोलाविलें आहे. ह्या खेपेस तो गाणार आहे कीं नक्कल करणार आहे, हें त्यानें सांगितलेलें नाहीं, आणि आम्हींही विचारलेलें नाहीं. आम्ही जाणार आहों. मात्र पहिली रांग सोडून मागें बसावें असा विचार आहे. आपण हंसलों तर तें आपल्यापुरतेंच राहील, आणि न हंसलों तर तेंही.